ओठांवरचा उजेड

नांदेडजवळ विष्णुपुरीला कॉलेजच्या मागच्या कॉलनीत बजरंगचं घर. तो त्याच कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला, बायको उज्वला नांदेडच्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवणारी, मुलगी साक्षी बारावीला. आणि घरातली चौथी शिवकांता, बजरंगची थोरली बहीण. तिला नवराबायको अक्का म्हणायचे, साक्षी आत्या म्हणायची.

अक्काला ऐकू येत नव्हतं. लहानपणी जळकोटला असताना तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. तोवर ती चांगली बोलायला शिकलेली होती म्हणून बोलणं तेवढं राहिलं. आवाज मात्र सपाट, एकाच पट्टीतला. लग्न झालं, पण सासरच्यांनी वर्षाच्या आत माघारी आणून सोडलं. पुढं साक्षी जन्मली तेव्हा उज्वलाची नोकरी नवी होती, रजा संपत आली होती. अक्का एक पिशवी घेऊन जळकोटहून आली ती इथलीच झाली. पोर रडलेली ऐकू येणार नाही म्हणून तिचे पाय आपल्या पोटाला लावून निजायची. साक्षीनं पाय झाडले की अक्का उठलीच.

समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं वाचायची. बजरंगच्या मिशा आड यायच्या, साक्षी शब्द गिळायची. सगळ्यात लवकर वाचता यायचं ते उज्वलाचं तोंड. नवी नवरी होती तेव्हाच उज्वलानं ते मनावर घेतलं होतं. शब्द सुटा म्हणायचा, तोंडावर पदर किंवा हात न्यायचा नाही, बोलता बोलता मान फिरवायची नाही. ती सवय इतकी अंगात मुरली की शाळेतसुद्धा ती तशीच बोलायची.

संध्याकाळी चौघं बैठकीत बसायची. शाळेतलं, कॉलेजातलं, गल्लीतलं सगळं अक्काला सांगायचं, एकदा नाही कळलं तर दोनदा सांगायचं. विनोद असला तर तो तिच्यापर्यंत पोचेस्तोवर बाकीच्यांचं हसून झालेलं असायचं आणि मग अक्का एकटी हसायची. घराला त्याची सवय होती.

बैठकीत समोरासमोर दोन ट्यूबलाइट होत्या. घर बांधलं तेव्हापासूनच्या, पांढऱ्याफटक. उज्वलाला त्या कधीच आवडल्या नाहीत. भिंतीवरचा प्रत्येक डाग दिसायचा आणि घरात शिरलं की दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटायचं. त्यातच शाळेतल्या बिरादार मॅडमनी नवीन घर घेतलं आणि सगळ्या शिक्षिकांना चहाला बोलावलं. त्यांच्याकडं दिवे दिसतच नव्हते, नुसता उजेड होता. छताच्या कडेनं मऊ पिवळा प्रकाश झिरपत होता, कोपऱ्यात कापडी टोपीचा दिवा, जेवणाच्या टेबलावर तारेनं लोंबणारा एक काचेचा. तिथं बसल्यावर उज्वलाला उठावंसंच वाटेना. आपलं घर असं का नाही, हा विचार घेऊनच ती परत आली.

पावसाळा संपता संपता काम काढलं. साक्षीनं मोबाइलवर चित्रं बघून सगळं ठरवलं. मल्लेश नावाचा देगलूरकडचा इलेक्ट्रिशियन आला. छताला पीओपीची कड केली, तिच्यात पिवळ्या दिव्यांची पट्टी सोडली. टेबलावर लोंबता दिवा, सोफ्याच्या कोपऱ्यात टोपीचा, आणि उजेड कमीजास्त करायला भिंतीवर गोल बटण. ट्यूबा खाली उतरल्या तेव्हा अक्कानं त्या फडक्यानं पुसल्या आणि कुठं लावायच्या म्हणून विचारलं. उज्वला म्हणाली, स्वयंपाकघरातली राहू दे, या आता नकोत. अक्कानं त्या माळ्यावर नेऊन ठेवल्या.

त्या संध्याकाळी दिवे लागले आणि घर ओळखू येईना. डाग गेले. जुन्या सोफ्याचा रंगसुद्धा उंची वाटायला लागला. बजरंग एरवी जेवण झालं की मोबाइल घेऊन पलंगावर आडवा व्हायचा, तो टेबलाशीच बसून राहिला. अक्कानं सगळीकडं मान फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "लई ब्येस दिसायलं."

पुढच्या काही दिवसांत छोट्या छोट्या चुका व्हायला लागल्या. बजरंगनं चटणी मागितली तर अक्का म्हणाली, हाव, उद्या जाऊ. साक्षीनं क्लासच्या सरांचं काहीतरी सांगितलं, तर अक्कानं विचारलं, कुणाला ताप आला? सगळे हसले, अक्काही हसली. मग ती खुर्ची पुढं ओढून बसायला लागली, कधी या बाजूला, कधी त्या. लोंबत्या दिव्याचा उजेड डोक्यावरून खाली पडायचा. कपाळं उजळायची आणि नाकाखाली सगळी सावली. सोफ्यावर बसलं तर उजेड पाठीमागून यायचा. अक्का डोळे बारीक करून बघत राहायची. मग तेही थांबलं. ती नुसती हसऱ्या तोंडानं बसायची, बाकीचे हसले की हसायची.

एका संध्याकाळी जेवणं चालू असताना अक्का उठली आणि भिंतीवरचं गोल बटण पुरतं फिरवलं. उजेड भपकन वाढला. उज्वलाच्या डोळ्यांवर आला. हात लांब करून तिनं ते बटण परत खाली आणलं, सहज, माशी उडवावी तसं. मग तिनं अक्काकडं पाहिलं. अक्का उभीच होती आणि तिची नजर उज्वलाच्या ओठांवर होती, आता ही काहीतरी सांगेल अशी. उज्वला काही बोलली नाही. अक्का खाली बसली आणि ताटाकडं बघून जेवायला लागली.

त्याच क्षणी उज्वलाला सगळं कळलं होतं. चटणी का चुकली, खुर्ची का सरकत होती, सगळं. ताबडतोब उठून दिवा मोठा करता आला असता. दुसऱ्या दिवशी मल्लेशला फोन करता आला असता. तिनं दोन्ही केलं नाही. कारण त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट झाली होती आणि ती मान्य करायची तिला लाज वाटत होती. संध्याकाळ हलकी झाली होती. एक वाक्य दोनदा बोलावं लागत नव्हतं. बजरंग हळू आवाजात काहीतरी बोलायचा, ती हळू आवाजात उत्तर द्यायची, साक्षी मध्येच खिदळायची आणि कुणाला थांबावं लागत नव्हतं. दिवसभर वर्गात ओरडून आलेल्या बाईला याचं सुख वाटलं. अक्काचं वय झालंय, तिला लवकर झोप येत असेल, असं तिनं मनाला समजावलं. अक्का खरंच लवकर उठून जायला लागली होती. स्वयंपाकघरात ट्यूबखाली आधीच जेवून घ्यायची आणि म्हणायची, मला पिवळ्या उजेडानं डोळे दुखायलेत, तुम्ही बसा.

उज्वला म्हणायची, बरं.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी शाळेतल्या शिक्षिका घर बघायला आल्या. बिरादार मॅडम होत्या, नवीन लागलेली करिश्मा होती, आणखी दोघी. उज्वलानं दिवे मंद केले, टोपीचा दिवा लावला आणि त्याच्याजवळच्या खुर्चीत बसली. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. अक्का चहा घेऊन आली. सुती पातळ, कपाळाला भस्माचं बोट, केस घट्ट बांधलेले. करिश्मानं तिला अगदी अदबीनं विचारलं, "मावशी, तुम्ही इथंच राहता का?" अक्काला ओठ दिसले नाहीत. तिनं अंदाज बांधला आणि सपाट, मोठ्या आवाजात उत्तर दिलं, "साखर कमीच टाकलीय."

कुणी हसलं नाही, पण सगळ्या क्षणभर कपाकडं बघायला लागल्या. बिरादार मॅडमनी उज्वलाकडं वळून विचारलं, या कोण?

अक्का दाराशी रिकामा ट्रे घेऊन उभी होती. उज्वला म्हणाली, "गावाकडच्या आहेत. घरातलं बघायला असतात."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. नणंद म्हणायला काय झालं होतं? कुणी आडकाठी केली होती? पण तो सपाट आवाज, ते भलतंच उत्तर, आणि इतक्या निगुतीनं सजवलेली ती संध्याकाळ. तोंडातून निघून गेलं. बायका पुढच्या विषयाला लागल्या. उज्वलानं दाराकडं पाहिलं, तर अक्का आत गेली होती. तिला दिसलं असणार नाही, उज्वलानं स्वतःला सांगितलं. एवढ्या उजेडात तिला काहीच दिसत नाही, हे तर आपल्याला पक्कं माहीत आहे. आणि हे माहीत असल्याचा आधार वाटला म्हणून तिला स्वतःचीच किळस आली.

दसरा झाला आणि अक्का म्हणाली, जळकोटला जाते. थोरला भाऊ लक्ष्मणराव तिथं शेती करायचा. सोयाबीनच्या राशी चालू होत्या, माणसं मिळत नव्हती. दरवर्षी थोडे दिवस ती जायचीच, म्हणून बजरंगला वेगळं वाटलं नाही. त्यानं तिला एसटीत बसवून दिलं. निघताना तिनं साक्षीच्या गालावरून हात फिरवला, उज्वलाला म्हणाली, सांभाळून रहा. रागाचं काही दिसलं नाही.

राशी झाल्या, दिवाळी झाली, हरभरा पेरून झाला. अक्का आली नाही. बजरंगनं फोन केला की लक्ष्मणरावची बायको नागाबाई सांगायची, त्यांना इथंच बरं वाटायलंय, राहू द्या की. बजरंग म्हणाला, आपलं गाव ते आपलं गाव. उज्वला मान हलवायची. संध्याकाळी तो मऊ पिवळा उजेड पडायचा आणि ती टोपीच्या दिव्याशेजारच्या खुर्चीत बसेनाशी झाली. वह्या तपासायला ती स्वयंपाकघरात जायची.

साक्षी मात्र आत्याला सोडायला तयार नव्हती. नागाबाईच्या फोनवर ती व्हिडिओ कॉल लावायची. एका संध्याकाळी ती बैठकीतून बोलत होती आणि पलीकडून अक्काचा आवाज आला, "तुझं तोंड दिसंना गं पोरी. उजेडात ये." साक्षी बोलत बोलत स्वयंपाकघरात ट्यूबखाली आली आणि तिथं त्यांचं बोलणं खूप वेळ रंगलं. फोन ठेवल्यावर पोरगी बैठकीच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथून छताकडं बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "आत्याला इथं आपलं बोलणंच दिसत नव्हतं. दिवे मी पसंत केले. मला कसं कळलं नाही?"

तिचे डोळे भरले होते. उज्वलानं तिला जवळ घेतलं. सांगायची हीच वेळ होती, की बाळा, तुला कळलं नाही, मला कळलं होतं. तिनं सांगितलं नाही. ती म्हणाली, "माझ्याही लक्षात आलं नाही गं." पोरीच्या पाठीवरून हात फिरवताना तिला आपला हात परक्याचा वाटला.

बजरंगच्याही कानावर ते गेलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं मल्लेशला बोलावलं. बैठकीत दोन्ही भिंतींना पांढरे दिवे लागले, बसल्यावर उजेड थेट चेहऱ्यावर पडेल अशा उंचीवर. पिवळी पट्टी राहिली, तिचं बटण वेगळं. साक्षीनं फोटो काढून जळकोटला पाठवले. नागाबाईकडून अक्काचं उत्तर आलं, छान झालंय. कधी येणार याबद्दल काही नव्हतं.

मग येळवस आली. लातूरकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव शेतात जेवतं. लक्ष्मणरावनं नेहमीसारखं आवतण दिलं आणि तिघं कंधार, जांब करत जळकोटला पोचली. शेतात कडब्याची कोप उभारली होती. आत पूजा मांडलेली, बाहेर मिसळ भाज्यांच्या भज्जीचं पातेलं, आंबिलीचा मोठा माठ, बाजरीचे उंडे. लख्ख ऊन होतं. हरभरा घोट्याएवढा आला होता आणि बांधावर बायकांचा घोळका बसला होता. अक्का त्या घोळक्याच्या मधोमध होती. कुणी काही बोलली की अक्का पटकन उत्तर द्यायची आणि बाया पोटं धरून हसायच्या. एवढं बोलताना उज्वलानं तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर बजरंग भावाबरोबर विहिरीकडं गेला, साक्षी चुलतभावंडांत मिसळली. अक्का बाभळीखाली भांडी गोळा करत होती. उज्वला तिच्यासमोर जाऊन बसली. ऊन सरळ तिच्या तोंडावर येत होतं. डोळे किलकिले झाले तरी तिनं जागा बदलली नाही.

"अक्का, त्या दिवशी आमच्या शाळेतल्या बायका आल्या होत्या. मी त्यांना जे सांगितलं—"

"दिसलं मला," अक्का म्हणाली.

तिनं एक उष्टं ताट पुढं ओढलं.

"तू दिव्यापाशी बसली होतीस. बाकी कुणाचं तोंड दिसत न्हवतं, तुझं तेवढं दिसायलं होतं. तू लई सुटं बोलतीस. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर कळलंबी नसतं." तिनं एक ताट दुसऱ्या ताटावर ठेवलं. "लाज वाटली व्हय माझी?"

नाही म्हणणं सोपं होतं. उज्वलानं मान हलवली, हो.

अक्का थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, दुखलेलं होतं ते जुनं झालेलं दिसत होतं. "व्हतंय," ती म्हणाली. "माझ्या आईलाबी वाटायची. चार माणसांत मला बोलू द्यायची न्हाई. तू तरी एवढी वर्षं बोलू दिलंस."

तिथंच थांबायला हवं होतं. अक्कानं क्षमा केली होती, किंवा क्षमेच्या जवळपासचं काहीतरी दिलं होतं. पण उज्वलाच्या छातीवर दुसरा दगड तसाच होता, आणि इतक्या उन्हात बसल्यावर तोही उतरवून टाकावा असं तिला वाटलं.

"अजून एक आहे. दिव्यांचं. साक्षीला नंतर कळलं. मला आधीच कळलं होतं. तुम्ही ते बटण फिरवलंत ना, तेव्हाच. तुम्हाला आमचं बोलणं दिसत नाही हे माहीत असून मी गप्प बसले. मला ते सोपं वाटलं."

अक्काचे हात थांबले. तिनं उज्वलाच्या ओठांकडं पाहिलं, मग डोळ्यांकडं, मग पुन्हा ओठांकडं. जणू वाचण्यात आपलीच काही चूक झाली असावी.

"हे मला म्हाईत न्हवतं," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. आपापल्या गडबडीत हायत, म्हटलं. सांगितलं की करतील. सांगायचं माझ्याच्यानं झालं न्हाई, एवढंच."

ती उठली, ताटं उचलली आणि विहिरीच्या दिशेनं चालायला लागली. उज्वलानं हाक मारली. पाठमोऱ्या अक्काला हाक कशी पोचणार? पळत जाऊन तिच्या खांद्याला हात लावता आला असता. पण काय सांगायचं होतं? आपण खरं बोललो आणि हलके झालो, एवढंच. ज्या समजुतीवर अक्का इतके महिने निभावून नेत होती ती आपण तिच्या हातातून काढून घेतली, हे उज्वलाला तिथं बाभळीखाली बसल्या बसल्या उमगलं.

परतीच्या वाटेवर साक्षी मागच्या सीटवर झोपली तेव्हा तिनं बजरंगला सगळं सांगितलं. बिरादार मॅडमचं आणि बटणाचंही. तो गाडी चालवत होता. कंधार मागं पडलं. शेवटी इतकंच म्हणाला, "मला कळायला पायजे होतं. बहीण माझी हाय."

परीक्षा जवळ आली तेव्हा साक्षीनं हट्टच धरला की आत्या आली नाही तर मी पेपरला जाणार नाही. अक्का आली. एक पिशवी घेऊन, पूर्वीसारखीच. पांढऱ्या उजेडात चौघं पुन्हा बसायला लागली. साक्षीचे विनोद आत्यापर्यंत पोचायला लागले. उज्वला काही बोलली की अक्का नीट उत्तर द्यायची, भाजीला काय करू म्हणून विचारायची, तिचं डोकं दुखलं तर तेल लावून द्यायची. वरून बघणाऱ्याला काही बदललेलं दिसलं नसतं.

एकच बदललं होतं, आणि ते उज्वलालाच ठाऊक होतं. पूर्वी उज्वला कुणाशीही बोलत असली, फोनवर असो की दारात आलेल्या भाजीवाल्याशी, अक्काची नजर तिच्या ओठांवर असायची. घरात काय चाललंय ते तिला तिथूनच कळायचं. आता उज्वला दुसऱ्याशी बोलायला लागली की अक्का मान खाली घालायची, नाहीतर खिडकीबाहेर बघायची.

पहिल्या पेपरला दोघी साक्षीबरोबर नांदेडला गेल्या. सेंटरच्या फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत पालकांची गर्दी होती. शेजारच्या एका बाईनं पाणी पुढं केलं, कुठून आलात विचारलं आणि अक्काकडं बघून म्हणाली, या कोण?

"या माझ्या थोरल्या नणंदबाई," उज्वला म्हणाली. प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाली. "माझ्या मुलीला यांनीच वाढवलं."

तिनं अक्काकडं पाहिलं. अक्का फाटकाकडं तोंड करून उभी होती, एका हातात साक्षीची चप्पल, कारण पोरीनं आत जाताना ती काढून बूट घातले होते. काही दिसलेलं नव्हतं. खांद्याला हात लावून पुन्हा सांगता आलं असतं. उज्वलाचा हात उचललाही गेला. पण ते सांगणं अक्कासाठी नसून आपल्यासाठी असेल, हे तिला कळलं आणि तिनं तो मागं घेतला. ती बाई आपल्या मुलाच्या पुढच्या गणिताच्या पेपरबद्दल बोलायला लागली. उज्वला हुंकार देत राहिली.

बऱ्याच वेळानं घंटा झाली. अक्काला ती ऐकू आली नाही, पण फाटकाशी माणसं हलली तशी ती पुढं सरकली, टाचा उंच करून गर्दीत आपली पोर शोधायला लागली.